अलाइनमेंट दोनदा केली, तरी पुढचं डावं टायर आतूनच खातंय (नागपूर)

बेलतरोडी (11 मे)

नमस्कार मंडळी. गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक, 68 हजार किलोमीटर झालेली. चारही टायर 46 हजारांवर नवीन टाकले होते, म्हणजे त्यांचे जेमतेम 22 हजार झालेत.

परवा बुटीबोरीला कंपनीत गाडी लावली तेव्हा स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळलेलं राहिलं. संध्याकाळी गाडीच्या मागून चालत आलो तर पुढच्या डाव्या चाकाची आतली कड दिसली. दोन बोटं रुंदीची नक्षी साफ गेलेली आणि एका जागी तार डोकावतेय. बाहेरून पाहिलं तर तेच टायर अगदी ठणठणीत. गेल्या आठवड्यात याच टायरवर बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन समृद्धीवरून शिर्डीला जाऊन आलो. जाताना 520 किलोमीटर, येताना 520. हे कळल्यापासून धड झोप लागलेली नाही.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल मशीनवर जुळवणं, नऊ महिन्यांपूर्वी केली, पुन्हा चार महिन्यांपूर्वी केली. दोन्ही वेळा मशीनच्या कागदावर सगळे आकडे हिरव्यात. आता दुकानदार म्हणतो, रस्तेच तसे आहेत, टायर असंच जाणार, नवी जोडी टाका. जोडी टाकायला माझी ना नाही. पण कारण न कळता टाकली तर तीही 20 हजारांवर अशीच जाईल ना? कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.

ऑरेंजसिटी

हवा कमी असेल. मी नायट्रोजन भरतो, तेव्हापासून त्रास नाही. एकदा करून पाहा.

वर्धारोडी

हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या. यांची फक्त आतली गेलीय. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडला असणार. कागदावर कॅम्बरचा आकडा काय आहे?

बेलतरोडी

कागद समोरच आहे. कॅम्बर डावीकडे उणे 0 अंश 30 मिनिटं, उजवीकडे उणे 0 अंश 35 मिनिटं. टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते, दोन्हीकडे जवळपास शून्य. कॅस्टरही (स्टिअरिंगच्या आसाचा मागे-पुढे कल) दोन्हीकडे सारखा. दुकानदार म्हणाला की या गाडीत कॅम्बर ॲडजस्टच होत नाही, फक्त टो होतो.

जुनामिस्त्री (12 मे)

भाऊ, सगळ्यात आधी एक काम करा. त्या टायरवर आता गाडी काढू नका. तार दिसली म्हणजे ते टायर संपलं. मे महिन्यात नागपूरच्या डांबरावर ते कवा फुटन सांगता येत नाई. स्टेपनी लावा, तिची हवा पाहा, अन् मंगच गॅरेजले जा.

मी चाळीस वर्षं हिंगणा रोडले गॅरेज चालवलं. आता पोरगा पाह्यते. या चाळीस वर्षांत लोकाइले एकच गोष्ट समजावून थकलो, ते तुमालेही सांगतो. अलाइनमेंट हे मोजमाप हाय, इलाज नाई. मशीन एवढंच सांगते का गाडी उभी असताना चाकाचं तोंड कुठं हाय. चालत्या गाडीत ब्रेक दाबल्यावर ते तोंड कुठं फिरते, खड्ड्यात गेल्यावर कुठं जाते, हे त्या मशीनले दिसतच नाई. तुमच्या कागदावर कॅम्बर दोन्हीकडे सारखा हाय. म्हणजे शॉकअप वाकला नसन, चाक ज्यावर बसते ते नकलही वाकलं नसन. वाकलेलं काही असतं तर उभ्या गाडीतही आकडा बोलला असता. मले वाटते वाकलेलं नाई, ढिलं काहीतरी हाय.

पण नुसतं वाचून निदान सांगणारा मिस्त्री मी नाई. टायर वाचा लागते, अन् ते डोळ्यानं कमी, हातानं जास्त. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक वर. काढलेलं टायर अन् उजवं टायर, दोन्ही तपासा. तळहात नक्षीवर आडवा फिरवा. एकदा बाहेरून आत न्या, एकदा आतून बाहेर आणा. एका दिशेनं गुळगुळीत लागन अन् दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं टोचन, तर ती झीज टोमुळं हाय. बाहेरून आत जाताना टोचलं तर चाकाचं तोंड बाहेर पडलेलं हाय, आतून बाहेर येताना टोचलं तर तोंड आत हाय. दोन्हीकडून गुळगुळीत अन् फक्त एक कड उतरती असन तर कॅम्बरकडं पाहा लागते.

मंग हात गोलाकार फिरवा, चाक फिरते तसा. खालीवर लाटा लागल्या, जागोजागी खळगे लागले, तर शॉकअप थकले नाई तर बॅलन्सिंग गेलं, नाई तर बेरिंग.

अजून तीन गोष्टी सांगा. ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडे ओढते का? रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला का पुढून टक् असा आवाज येते का? मागची टायरं कशी हायेत?

मेधा_सदर

काका, मध्येच विचारते, माफ करा. तुमचं वाचून लगेच खाली जाऊन गाडी पाहिली. माझ्या पुढच्या दोन्ही टायरांच्या दोन्ही कडा घासल्यात, मधली नक्षी चांगली आहे. म्हणजे हवा कमी, बरोबर? पण मी दर पंधरा दिवसांनी न चुकता हवा भरते! दाराच्या खांबावर 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, पंपावर 33 च सांगते. मग कमी कशी?

आकडेमोड

मेधाताई, हवा कधी भरता? गाडी चालवून आल्यावर की सकाळी निघायच्या आधी?

मेधा_सदर

दुपारी. ऑफिसची साइट कामठी रोडच्या पुढे आहे, परतताना पंप लागतो तिथे.

आकडेमोड

मग उत्तर तिथेच आहे, आणि हे उन्हाळ्यात नागपुरात शेकडो गाड्यांच्या बाबतीत होत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दारावर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, किंवा एक-दोन किलोमीटरच चालली आहे. तुम्ही मे महिन्याच्या दुपारी गाडी चालवून येता तेव्हा आतली हवा समजा 65 अंश तापलेली आहे. गेजवर 33 दिसलं. गेज वातावरणाचा दाब धरत नाही, तो साधारण 14.7. म्हणजे खरा दाब 47.7. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच टायर 28 अंशांवर आलं. तापमान केल्विनमध्ये धरायचं, म्हणजे 338 चं 301 झालं. त्या प्रमाणात दाब उतरतो 42.5 वर. त्यातून 14.7 वजा करा, गेजवर 28 च्या आसपास दिसेल. म्हणजे तुम्ही 33 भरून घेतली असं वाटतं, प्रत्यक्षात 28 वर गाडी चालते. पाच पीएसआय कमी. मधला भाग दबतो, भार कडांवर येतो, कडा जातात. शिवाय कमी हवेचं टायर जास्त चेपतं, जास्त तापतं, आणि हायवेवर फुटण्याचा धोका त्यामुळेच वाढतो.

याची दुसरी बाजू अजून वाईट. काही जण गरम टायरमध्ये 38 दिसलं की घाबरून हवा काढतात. ती वाढ अपेक्षितच असते. गरम टायरमधून हवा कधीही काढू नका.

ऑरेंजसिटी, नायट्रोजनबद्दल: साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. कोरडा नायट्रोजन थोडा हळू झिरपतो हे खरं, पण त्यामुळे हवा तपासणं सुटत नाही. सुटलं तर नुकसानच.

आणि मेधाताई, स्वतःचं गेज घ्या. पंपावरची गेजं दिवसभर आपटली जातात, दोन पंपांवर दोन आकडे दाखवतात. आपलं एकच गेज असलं की निदान कालच्या आकड्याशी आजचा ताडून पाहता येतो.

मेधा_सदर (13 मे)

आज सकाळी सहाला मैत्रिणीच्या गेजने पाहिलं. पुढे 28 आणि 27. मागे 29. तुमचा हिशोब अगदी बरोबर निघाला. दोन वर्षं मी मनापासून काळजी घेत होते आणि टायर खराब होत होती, याचं फार वाईट वाटतंय. आता हवा सकाळीच.

बेलतरोडी (14 मे)

काका, सांगितलं तसं सगळं केलं. नक्षीची खोली मोजायचं साधं गेज आणलं, शे-दोनशेत मिळालं.

पुढचं डावं: बाहेर 5.2, मध्ये 4.9, आत 1.1 मिलिमीटर, तार दिसते ती जागा सोडून.
पुढचं उजवं: बाहेर 5.0, मध्ये 5.0, आत 3.9.
मागची दोन्ही: तिन्ही जागी 5.8 च्या जवळपास.

हात फिरवला. डाव्यावर बाहेरून आत जाताना अगदी स्पष्ट टोचतं, आतून बाहेर गुळगुळीत. उजव्यावर तसंच, पण फार थोडं. खळगे कुठेच नाहीत. ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे जाते. मी आजवर ते रस्त्याचा उतार म्हणून सोडून देत होतो. आणि काल रात्री सोसायटीत रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला, काच खाली करून. टक्! दर वेळी.

वर्धारोडी

तोंड बाहेर म्हणजे टो-आउट. मग मशीनवर शून्य कसं आलं?

जुनामिस्त्री

ते टक् ऐकल्यावर मले आता शंका नाई. लोअर आर्मचा मागचा बुश पाहा, डावीकडचा.

वर्धारोडी भाऊ, तुमचा प्रश्न बरोबर हाय, सांगतो. लोअर आर्म चाकाले खालून धरून ठेवते. पुढचा बुश त्याले आडवं धरते, मागचा मोठा रबरी बुश मागंपुढं जाऊ देत नाई. तो रबर फाटला का ब्रेक दाबल्यावर आर्म मागं सरकते, पण स्टिअरिंगकडून चाक वळवणारा टाय रॉड आपल्या जागीच राह्यते. मंग चाकाचं तोंड बाहेर वळते. ब्रेक सोडला का वापस जागेवर. रॅम्पवर गाडी उभी, ब्रेकवर पाय नाई, तवा सगळं हिरवं दिसन नाई तर काय. बुटीबोरीले जाताना ट्रकच्या मागं शंभर वेळा ब्रेक लागते, अन् प्रत्येक वेळी आतली कड थोडी थोडी सोलून निघते.

डावीच काहून, हेही सांगतो. आपल्याकडं डावं चाक रस्त्याच्या कडेनं चालते. सिमेंट रोड झाले, चांगलं झालं, पण बऱ्याच जागी सिमेंटची कड अन् बाजूची जमीन यात वीतभर फरक हाय. समोरून कोणी आलं का डावं चाक खाली उतरते अन् मंग ती कड चढून वर येते. तो तिरपा धक्का पूर्ण त्या बुशले बसते.

गॅरेजमधी हे तुमच्यासमोर तपासून घ्या. गाडी लिफ्टवर, नाई तर जॅक लावून खाली स्टँड ठेवून. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नका. टॉमी (लोखंडी पहार) घेऊन आर्म अन् सबफ्रेमच्या (आर्म ज्यावर बसते तो सांगाडा) मधात हलकं रेटा, फाटलेला रबर डोळ्यानं दिसन. मंग चाक दोन्ही बाजूंनी, डावी-उजवीकडं धरून हलवा. तिथं खेळ असन तर टाय रॉड एन्ड नाई तर रॅक एन्ड. वर-खाली धरून हलवा. तिथं खेळ असन तर बॉल जॉइंट नाई तर बेरिंग. हे सगळं होऊ द्या, मंगच अलाइनमेंट. ढिल्या गाडीची अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात.

एक गोष्ट लिहून ठेवा, कारण घाईत ही बहुतेक ठिकाणी चुकते. बुश नवा बसवल्यावर आर्मचा बोल्ट गाडी लटकलेली असताना पूर्ण आवळू नका. गाडी चाकांवर खाली उतरवा, चार वेळा दाबून बसू द्या, अन् मंग फायनल टाइट करा. नाई तर गाडी खाली आल्याबरोबर रबरले पीळ पडते, अन् नवा बुश सहा महिन्यांत पुन्हा फाटते. लोक म्हणतात पार्ट खराब होता. पार्ट चांगला असते.

आकडेमोड

टोच्या बाबतीत आकडा किती लहान असतो आणि नुकसान किती मोठं, ते दाखवावंसं वाटतं. चाक सरळ दिशेपासून फक्त अर्धा अंश वळलेलं असेल, तर भूमितीच्या हिशोबाने दर किलोमीटरला ते जवळपास 9 मीटर आडवं ओढलं जातं. दहा हजार किलोमीटरमागे 87 किलोमीटर नुसतं आडवं घासणं. कॅम्बर अर्धा अंश इकडेतिकडे असला तर टायर बऱ्यापैकी सहन करतं, टो सहन करत नाही.

ऑरेंजसिटी

एक शंका. आमच्या इथे पंक्चरवाला सांगतो, आतून घासलेलं टायर रिमवरून उतरवून उलटं चढवलं की आतली बाजू बाहेर येते आणि वर्षभर निघतं. हे चालतं का?

जुनामिस्त्री

तार दिसणाऱ्या टायरले हात लावायचा नाई. ते भंगारच. नुसतं थोडं घासलेलं असन, अन् नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असन, तर चालते. पण साइडवॉलवर आउटसाइड लिहिलेलं असन, नाई तर फिरायच्या दिशेचा बाण असन, तर उलटं करू नका. पावसात पाणी फेकायची नक्षी उलटी पडते. अन् 1.6 मिलिमीटरची खूण, खाचेत जो उंचवटा असते ना रबराचा, तिथवर नक्षी आली का कितीही उलटंसुलटं करा, टायर बदलाच लागते.

बेलतरोडी (17 मे)

मंडळी, सापडलं. काल दिवसभर गॅरेजमध्येच उभा होतो. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश अर्ध्याहून जास्त फाटलेला. टॉमीने रेटलं की आर्म बोटभर हलत होता. उजव्याच्या रबरालाही चिरा पडल्यात. दोन्हीकडचे बदलले. टाय रॉड एन्ड, बॉल जॉइंट ठीक निघाले. बोल्टची गोष्ट मेकॅनिकला सांगितली तेव्हा तो आधी म्हणाला काही फरक पडत नाही. मी हात जोडून विनंती केली, तेव्हा गाडी खाली उतरवून टाइट केलं.

मग अलाइनमेंटला गेलो आणि तिथे खरी गोष्ट कळली. नवा बुश बसल्यावर डाव्या चाकाचा टो ठळक लाल आला. म्हणजे आधीच्या दोन्ही अलाइनमेंट फाटलेल्या बुशाला धरून केल्या होत्या. ढिला आर्म ज्या जागी बसला असेल, ती जागा बरोबर धरून आकडे हिरवे केलेले. आता स्टिअरिंग सरळ लॉक करून, चारही टायरांत हवा बरोबर भरून पुन्हा सेट केलं. ब्रेकला गाडी सरळ थांबते. टक् गेलं.

आता नवी जोडी घेतोय. ती पुढेच टाकू ना? पुढची जास्त घासतात म्हणून.

वर्धारोडी

पुढेच टाका. स्टिअरिंग आणि ब्रेकचा भार पुढेच असतो.

आकडेमोड

नाही, मागे टाका. ओल्या रस्त्यावर पुढची टायरं घसरली तर गाडी सरळ जाते, ते निदान स्टिअरिंगला जाणवतं आणि ॲक्सिलरेटर सोडून सावरता येतं. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि ते बहुतेकांना सावरत नाही. म्हणून दोनच नवी घेतली तर ती मागे, मागची चांगली दोन पुढे. पाऊस महिन्यावर आलाय, त्यामुळे हे मुद्दाम सांगतो.

वर्धारोडी

हे माहीत नव्हतं. पटलं. माझ्या गाडीत उलट आहे, या रविवारी बदलून घेतो. माझ्या मागच्या दोन्ही टायरांना खळगे पडलेत, गाडीत घूं घूं आवाज येतो. मला वाटत होतं सिमेंट रोडचा आवाज आहे.

जुनामिस्त्री

सिमेंट रोडच्या खाचांचा आवाज डांबरावर गेलं का बंद होते. डांबरावरही घूं घूं राहिली तर टायर नाई तर बेरिंग. मागचे शॉकअप पाहा. तेल गळून ओले झाले असतीन. शॉकअप न बदलता ही टायरं पुढं आणली तर आवाज पुढं येईन, अन् मागं टाकलेल्या चांगल्या टायरालेही खळगे पडतीन. आधी शॉकअप, मंग बॅलन्सिंग, मंग जागा बदला.

बेलतरोडी (19 ऑगस्ट)

तीन महिन्यांनी धागा वर आणतोय, कारण असे धागे शेवट न कळता अर्धवट राहतात.

नवी जोडी मागे टाकली, मागची दोन पुढे आणली, जुनं उजवं स्टेपनीत गेलं. तेव्हापासून चार हजार किलोमीटर झाले, त्यातला बराचसा भर पावसात बुटीबोरीचा. आज सकाळी थंड टायरवर मोजलं. पुढचं डावं: बाहेर 5.3, मध्ये 5.3, आत 5.2. पुढचं उजवं तिन्ही जागी 5.3. हात दोन्ही दिशांनी गुळगुळीत फिरतो. मागची नवी 7.9 होती, आता 7.7.

राखीपौर्णिमेला बहिणीकडे अमरावतीला जायचंय. या वेळी मुलांना मागे बसवताना पोटात गोळा येणार नाही. जुनामिस्त्री काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

जुनामिस्त्री

आभार नका मानू भाऊ. जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी हवा पाहा, स्टेपनीचीही. दहा हजारांवर पुन्हा तिन्ही जागी मोजा अन् आकडे इथंच टाका.